कारण विचारलं आणि आवड डळमळली: स्ट्रॉबेरी जॅमच्या एका चाचणीचा अभ्यास

स्ट्रॉबेरी जॅमचे ४५ नमुने, ते चाखायला ७ प्रशिक्षित माणसं आणि तोलायचे १६ गुण: गोडी, कडवटपणा, वास वगैरे. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या अमेरिकी मासिकाने १९८५ मध्ये अशी परीक्षा घेऊन जॅमची क्रमवारी छापली. हे मासिक जाहिराती घेत नाही. वस्तू तपासायच्या आणि ग्राहकाला सांगायचं, हेच त्याचं काम. एरवी ही क्रमवारी त्या अंकाबरोबरच विसरली गेली असती.

ती टिकली, कारण टिमथी विल्सन आणि जोनाथन स्कूलर या दोन मानसशास्त्रज्ञांना नेमकी अशीच यादी हवी होती. माणूस आपल्या आवडीची कारणं शोधायला लागला की त्याचा निर्णय सुधारतो की बिघडतो, हे त्यांना तपासायचं होतं. तपासायचं तर निर्णयाला ताडून पाहायला बाहेरची काहीतरी मोजपट्टी लागते. जॅमच्या क्रमवारीने ती दिली. त्यांचा लेख १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मानसशास्त्रात पुष्कळ गाजला. खाद्यपदार्थांच्या संवेदी मूल्यमापनात, म्हणजे सेन्सरीच्या कामात असणाऱ्यांनी तो स्वतःच्या क्षेत्रातला लेख म्हणून वाचावा, असं मला मनापासून वाटतं. प्रशिक्षित आणि अप्रशिक्षित चाखणाऱ्यांत फरक नेमका कुठे पडतो, हे त्या एका छोट्या प्रयोगात फार स्पष्ट दिसतं.

प्रयोग

क्रमवारीतून पाच जॅम निवडले: १, ११, २४, ३२ आणि ४४ व्या क्रमांकाचे. निवड मुद्दाम ताणलेली आहे. सगळ्यात वरचा, जवळजवळ सगळ्यात खालचा आणि मधले तीन. शेजारशेजारचे क्रमांक घेतले असते तर फरक इतका बारीक राहिला असता की कोणालाही काही सापडलं नसतं.

चाखायला वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्राचे ४९ विद्यार्थी होते. त्यांना चाखण्याचं काही प्रशिक्षण नव्हतं. त्यांचे दोन गट केले. दोन्ही गटांनी पाचही जॅम चाखले आणि शेवटी प्रत्येक जॅम किती आवडला, ते ९ बिंदूंच्या पट्टीवर सांगितलं. फरक होता तो चाखणं आणि गुण देणं यांच्या मधल्या वेळात. एका गटाला सांगितलं होतं की प्रत्येक जॅम का आवडला किंवा का आवडला नाही, याचा विचार करा आणि ती कारणं कागदावर लिहा. दुसऱ्या गटाने तेवढाच वेळ भलत्याच प्रश्नाची उत्तरं लिहिण्यात घालवला: कॉलेजात मुख्य विषय म्हणून हा विषय का निवडला?

दुसऱ्या गटाला हे भलतं काम का दिलं, हे लक्षात घेण्यासारखं आहे. त्यांना नुसतं बसवून ठेवलं असतं तर पुढे कोणीही म्हणू शकलं असतं की पहिला गट लिहून थकला, किंवा मधल्या वेळात चव विसरला. दोघांनाही लिहायला लावलं आणि दोघांनाही कारणंच लिहायला लावली. एका गटाची कारणं जॅमबद्दल होती, दुसऱ्याची नव्हती. उरलेलं सगळं सारखं.

निकाल

प्रत्येक विद्यार्थ्याच्या गुणांवरून त्याचा स्वतःचा क्रम काढला आणि तो प्रशिक्षित चाखणाऱ्यांच्या क्रमाशी किती जुळतो, याचा सहसंबंध गुणांक काढला. पूर्ण जुळला तर १, काहीच संबंध नसला तर ० च्या आसपास, अगदी उलटा असला तर उणे १. मग गटाची सरासरी घेतली.

ज्यांना कारणं विचारली नव्हती, त्यांची सरासरी ०.५५ आली. ज्यांना विचारली होती, त्यांची ०.११.

हे आकडे किती मोठे किंवा छोटे, ते डोळ्यांसमोर आणायला थोडं गणित उपयोगी पडतं. पाच वस्तूंच्या क्रमात शेजारच्या दोघांची अदलाबदल झाली तर गुणांक ०.९ होतो. पहिल्याची तिसऱ्याशी अदलाबदल झाली आणि बाकी सगळे जागच्या जागी राहिले, तर ०.६. म्हणजे कारणं न विचारलेल्या गटातला सरासरी विद्यार्थी प्रशिक्षितांपासून साधारण एवढ्याच अंतरावर होता: एखादी ठळक चूक आणि थोडी इकडेतिकडे सरमिसळ. ज्याला ना शब्द माहीत ना पट्टी, अशा माणसासाठी हे बरंच आहे. कारणं विचारलेल्या गटाचा ०.११ मात्र शून्यापासून वेगळा ठरवता येत नाही. चिठ्ठ्या टाकून क्रम लावला असता तरी साधारण असाच आकडा येऊ शकला असता.

या दोन्ही आकड्यांपैकी मला ०.५५ जास्त महत्त्वाचा वाटतो. सांगणारे बहुतेक ०.११ वर थांबतात, कारण गोष्ट तिथे रंगते. पण दोन्ही गटांतल्या जिभा सारख्याच होत्या. ०.५५ सांगतो की अप्रशिक्षित माणसाला चव कळते. प्रशिक्षितांनी १६ गुण तोलून जे काढलं, त्याचा मोठा भाग याला एकही गुण वेगळा न काढता पोचला होता. जो बिघाड झाला तो त्यानंतर, लिहायला बसल्यावर.

त्या ७ जणांना काय येत होतं

प्रशिक्षित पॅनेलिस्ट म्हटला की बहुतेकांना अतितीक्ष्ण जिभेचा माणूस वाटतो. निवडीच्या वेळी काही चाचण्या होतात, हे खरं. मूळ चवी ओळखता येतात का, तीव्रतेच्या क्रमाने द्रावणं लावता येतात का, तीन पेल्यांतला वेगळा पेला शोधता येतो का, हे पाहतात. ज्यांना एखादा वासच येत नाही, ते गळतात. पण निवडलेल्या माणसाची जीभ पुढच्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत वेगळी होत नाही. बदलतं ते त्याचं लक्ष आणि त्याची भाषा.

प्रशिक्षणात पॅनेल आधी एकत्र बसून शब्द ठरवतं. जॅमच्या बाबतीत 'ताज्या स्ट्रॉबेरीचा वास', 'शिजलेल्या फळाचा वास', 'कॅरॅमलसारखा वास', 'आंबटपणा', 'घट्टपणा', 'तोंडात राहणारा चिकटपणा' असे शब्द निघतील. मग प्रत्येक शब्दाला संदर्भ-नमुना जोडतात. 'गोडी ५' म्हणजे काय, यावर चर्चा करत बसण्यापेक्षा साखरेचं पाणी पुढे ठेवतात. एका प्रचलित पद्धतीत २ टक्के साखरेचं द्रावण म्हणजे १५ च्या पट्टीवर २, ५ टक्के म्हणजे ५, १० टक्के म्हणजे १०. ही द्रावणं पुन्हा पुन्हा चाखून माणूस आपल्या डोक्यातली पट्टी त्यांच्याशी जुळवतो. नंतर तोच नमुना वेगळ्या सांकेतिक क्रमांकाने, वेगळ्या दिवशी देतात. एकाच नमुन्याला एकदा ४ आणि एकदा ९ देणारा माणूस अजून तयार झालेला नसतो.

या पद्धती रूढ व्हायला वेळ लागला. आर्थर डी. लिटल या अमेरिकी सल्लागार कंपनीत १९४० च्या दशकाअखेरीस स्वाद-आलेखाची पद्धत तयार झाली. तिच्यात मोजकी माणसं चर्चा करून एकमताने वर्णन लिहीत. १९७४ मध्ये आलेल्या परिमाणात्मक वर्णनात्मक विश्लेषणाने, म्हणजे क्यूडीएने, एकमत बाजूला ठेवलं. १० ते १२ जण स्वतंत्रपणे, पुन्हा पुन्हा, रेषेवर खूण करतात आणि मग संख्याशास्त्र पाहतं की कोणाचे आकडे विश्वासार्ह आहेत. तेव्हापासून पॅनेलवरचा माणूस स्वतःचं मत मांडत नाही, तो मोजमाप देतो. त्याला काय आवडतं, हे कोणी विचारतच नाही.

प्रशिक्षणाने साधतं काय, याचा माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा १९९० मध्ये इंग्लंडमधून आला. साखरेच्या पाण्यात माल्टोल घातलं. माल्टोलला कॅरॅमलचा वास असतो. ते गोडी वाढवतं अशी समजूत होती. अप्रशिक्षित माणसांना माल्टोल घातलेलं पाणी नुसत्या साखरेच्या पाण्यापेक्षा गोड लागलं. प्रशिक्षितांना लागलं नाही. द्रावण तेच, साखर तेवढीच. प्रशिक्षितांनी वास एकीकडे आणि गोडी दुसरीकडे ठेवली, अप्रशिक्षितांना दोन्ही एकच वाटलं.

स्ट्रॉबेरीची तर हीच जुनी खोड. १९८८ च्या एका प्रयोगात फेटलेल्या सायीत स्ट्रॉबेरीचा वास घातला की ती लोकांना जास्त गोड लागे. शेंगदाण्याच्या लोण्याचा वास घातला तर लागत नसे. आणि नाक दाबून खाल्लं की स्ट्रॉबेरीची वाढीव गोडी गायब! खाताना वास तोंडाच्या मागच्या बाजूने नाकात शिरतो आणि मेंदू त्याचं श्रेय जिभेला देतो. पिकलेल्या फळाचा वास आणि गोडी आयुष्यभर जोडीने भेटलेली असतात, म्हणून मग ती सुटी करता येत नाहीत. ती सुटी करण्याची सवय लावणं, हाच प्रशिक्षणाचा बराचसा भाग आहे.

ज्याला शब्द सापडतो तो गुण मोठा होतो

आता कारणं लिहायला बसलेल्या विद्यार्थ्याकडे परत येऊ. त्याच्या तोंडात एक सबंध अनुभव आहे: फळाचा वास, साखर, आम्ल, शिजवण्यातून आलेला थोडा करपट सूर, पेक्टिनमुळे आलेला घट्टपणा, बिया. हे सगळं मिळून त्याला जॅम बरा वाटला किंवा वाटला नाही. त्याच्यासमोर कोरा कागद आहे आणि त्यावर 'का' लिहायचं आहे.

तो काय लिहील? जे लिहिता येतं ते. बिया फार आहेत. गुठळ्या आहेत. पातळ आहे. रंग गडद आहे. गोड आहे. शिजलेल्या फळाच्या वासाला त्याच्याकडे नाव नाही, मग तो कागदावर येत नाही, आणि कागदावर आला नाही म्हणून पुढच्या निर्णयात त्याचं वजन घटतं. लिहिलेल्या पाच गोष्टींतून जॅम चांगला दिसत असेल तर आपल्याला तो आवडलाय, असं तो स्वतःला पटवतो. थोडक्यात, त्याने आपल्या आवडीचं कारण शोधलेलं नाही. हाताशी जी कारणं होती, त्यांना शोभेल अशी आवड तयार केली आहे. विल्सन आणि स्कूलर यांचं स्पष्टीकरणही याच दिशेचं आहे: सुचलेली कारणं पटण्यासारखी असतात, पण ती खरी कारणं असतातच असं नाही, आणि मत मात्र त्यांच्या मागे वळतं.

सेन्सरीच्या कामात याचीच एक बहीण रोज भेटते. लोकांना एखादा गुण ठळक जाणवतोय, पण प्रश्नपत्रिकेत त्या गुणाला जागा नाही, अशा वेळी ते तो दुसऱ्याच एखाद्या पट्टीवर ओततात. साखर आणि स्ट्रॉबेरीचा वास यांच्या मिश्रणाची फक्त गोडी विचारली तर आकडा फुगतो. त्याच माणसांना वासासाठी आणि इतर गुणांसाठीही पट्ट्या दिल्या की फुगवटा ओसरतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हे चांगलं दाखवलं गेलं. जीभ तीच राहते, आणि प्रश्नपत्रिका बदलली की तिचं उत्तर बदलतं. हा परिणाम फार मोलाचा आहे, कारण इथे चाखणाऱ्याला दोष देण्याची सोयच उरत नाही.

पण बरोबर कोण, हे ठरवलं कोणी?

या प्रयोगावरचा सगळ्यात जोरकस आक्षेप हाच आहे आणि तो मला बराचसा मान्य आहे. विद्यार्थ्यांना विचारलं, आवडला का? प्रशिक्षितांनी सांगितलं, गुण किती. दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी ताडून एकाला अचूक आणि दुसऱ्याला चुकीचं कसं म्हणायचं? एखाद्याला मनापासून पातळ, अतिगोड जॅम आवडत असेल तर त्याची आवड चुकलेली नसते.

शिवाय १६ गुण मोजणं हे एक काम आणि त्या १६ आकड्यांवरून जॅमचा क्रम लावणं हे दुसरं. आंबटपणा ६ आहे, हे पॅनेल सांगू शकतं. ६ चांगला की ४ चांगला, हे पॅनेलच्या आकड्यांत कुठेच नसतं. ते कोणीतरी ठरवावं लागतं. क्रमवारी म्हणजे मोजमापावर चढवलेला एक निर्णय असतो आणि ती वाचताना हा थर विसरणं फार सोपं आहे.

तरीही आक्षेपाने प्रयोग कोसळत नाही. क्रमवारी पूर्ण चुकीची धरली तरी एक गोष्ट उरतेच: दोन सारख्या गटांनी तेच जॅम चाखले आणि मधल्या एका प्रश्नामुळे त्यांच्या आवडी वेगळ्या झाल्या. ज्याला बाजारात लोकांना काय आवडेल ते शोधायचंय, त्याच्यासाठी एवढी बातमी पुरेशी गंभीर आहे. या दोघांपैकी दुकानात उभा राहणारा ग्राहक कोण? मला वाटतं, कारणं न लिहिणारा. बरणी हातात घेऊन कोणी कारणांची यादी करत नाही.

आक्षेपाला आणखी एक उत्तर विल्सन यांच्याच पुढच्या कामात मिळतं. १९९३ च्या अभ्यासात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बाहेरची क्रमवारी काढूनच टाकली. लोकांना भिंतीवर लावायची चित्रं दाखवली, त्यातलं एक घरी न्यायला सांगितलं आणि काही आठवड्यांनी विचारलं, अजून समाधानी आहात का? निवडण्याआधी ज्यांना कारणं विचारली होती ते कमी समाधानी होते. इथे निवाडा कोणत्याही तज्ज्ञाचा नव्हता, त्याच माणसाचा होता, फक्त नंतरचा. हा प्रयोग चवीचा नाही, हे मान्य. पण 'आवडीला बरोबर-चूक नसतं' असं म्हणून सुटता येत नाही, हे तो दाखवतो.

जॅमच्या प्रयोगाच्या मर्यादा आणखीही आहेत. पाचच नमुने, एकच पदार्थ, एकाच विद्यापीठातले तरुण आणि प्रत्येक गटात साधारण २५ जण. पाच नमुन्यांवरून काढलेला एका माणसाचा गुणांक फार ओबडधोबड असतो. सरासरी घेतल्यावरच त्याला अर्थ येतो. ०.५५ हा आकडा दुसऱ्या पदार्थाला जसाच्या तसा लावू नये.

उलट बाजूची चूक

अप्रशिक्षितांना विश्लेषण विचारणं जेवढं चुकीचं, तेवढंच प्रशिक्षितांना आवड विचारणं चुकीचं. ही दुसरी चूक जास्त सर्रास होते, कारण ती स्वस्त पडते. पॅनेल समोरच बसलेलं असतं, मग त्यालाच विचारून टाकू, कोणता नमुना चांगला?

त्याने दिलेल्या उत्तराला बाजाराच्या दृष्टीने फारशी किंमत नाही. एक तर ही १० ते १२ माणसं असतात, आणि आवडीच्या चाचणीला त्याच्या कित्येक पट माणसं लागतात, कारण गोडीच्या मोजमापावर एकमत होऊ शकतं, आवडीवर होत नाही. दुसरं, त्यांची निवडच ते इतरांपेक्षा बारकाईने ओळखतात म्हणून झालेली असते, आणि महिनोन् महिने दोष हुडकल्यावर दोषच आधी दिसू लागतो. तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. 'मला आवडतं का' हा प्रश्न बाजूला ठेवायला त्यांना शिकवलेलं असतं. तोच प्रश्न परत त्यांच्यापुढे ठेवला की शिकवलेलं विस्कटतं. एकदा पॅनेलिस्ट आवडीच्या अंगाने विचार करू लागला की पुढच्या वेळी आवडलेल्या नमुन्याची गोडी नकळत जास्त मोजली जाण्याचा धोका असतो. चांगला वजनकाटा जसा भाजी ताजी आहे का ते सांगत नाही, तसं त्याचं काम वेगळं आहे.

आवडीसाठी ९ बिंदूंची पट्टी अजून टिकून आहे. ती १९४० च्या दशकाअखेरीस अमेरिकी सैन्याच्या अन्नसंशोधनात, सैनिकांना कोणतं जेवण आवडतं हे शोधण्यासाठी तयार झाली. 'अतिशय आवडलं' पासून 'अतिशय नावडलं' पर्यंत. ती टिकली, कारण तिला प्रशिक्षण लागत नाही. सैनिकाला शब्दकोश शिकवायची गरज नव्हती. जॅमच्या प्रयोगातही विद्यार्थ्यांच्या हाती ९ बिंदूंचीच पट्टी होती, आणि जोवर मध्ये 'का' आलं नाही तोवर तिने काम चोख केलं.

प्रश्नपत्रिकेत काय बदलावं

या प्रकरणातून माझ्यापुरता पहिला नियम निघतो तो क्रमाचा. ग्राहक-चाचणीत एकूण आवड सर्वांत आधी विचारावी, घास तोंडात असताना, गुणांचा एकही शब्द कानावर पडण्याआधी. गोडी बरोबर आहे का, घट्टपणा जास्त आहे का, असले 'नेमकं हवं तेवढं' पट्टीचे प्रश्न त्यानंतर. गुणांचे प्रश्न आवडीचे आकडे हलवू शकतात, हे खाद्यपदार्थांच्या चाचण्यांतही दिसलं आहे.

मोकळा 'का?' पूर्ण काढून टाकावा का? मी काढणार नाही, पण तो अगदी शेवटी ठेवीन आणि त्याची उत्तरं वेगळ्या नजरेने वाचीन. 'बिया फार आहेत' असं पन्नास जणांनी लिहिलं म्हणून बिया कमी केल्या की जॅम आवडेल, असा अर्थ त्यातून निघत नाही. बियांसाठी पन्नास जणांकडे शब्द होता, एवढंच खात्रीने म्हणता येतं. बिया खरंच आड येत असतील तर ते दोन प्रकारची माहिती जोडून कळेल: पॅनेलने मोजलेले गुण एका बाजूला, ग्राहकांनी दिलेली आवड दुसऱ्या बाजूला, आणि कोणता गुण वाढला की आवड घटते हे आकड्यांतून काढायचं. कारण शोधण्याचं काम विश्लेषण करणाऱ्याचं आहे. ते चाखणाऱ्यावर ढकलायचं नाही.

अप्रशिक्षितांकडून आवडीपलीकडे काहीच मिळत नाही, असंही नाही. त्यांना नमुने सारखेपणानुसार गटांत लावायला सांगा. शब्दांची गरज नाही, फक्त जे एकमेकांसारखे वाटतात ते जवळ ठेवायचे. बिअरवर झालेल्या फ्रेंच अभ्यासांत प्रशिक्षित आणि अप्रशिक्षित माणसांनी लावलेले गट बरेच मिळतेजुळते निघाले. तफावत दिसली ती गटांचं वर्णन करायला सांगितल्यावर. जॅमच्या गोष्टीशी हे अगदी जुळतं. ओळख होती, शब्द नव्हते. शब्दांची यादी हातात देऊन लागू पडतील तेवढ्यांवर खूण करायला सांगणं, ही पद्धतही याच कारणाने चालते: शब्द शोधण्याचं ओझं तिने चाखणाऱ्याच्या डोक्यावरून उतरवलेलं असतं.

प्रयोगात नसलेला तिसरा गट

जॅमच्या प्रयोगात एक पोकळी आहे. कारणं लिहिल्याने आवड बिघडते हे कळलं, पण दोष कारणं शोधण्यात आहे की कारणांसाठी लागणारी भाषा नसण्यात आहे, हे दोन गटांतून कळू शकत नाही. मी दुसऱ्या बाजूला आहे, आणि त्याला आधारही आहे. जॅमच्या आधीच, १९८९ मध्ये, विल्सन आणि सहकाऱ्यांना आढळलं होतं की ज्या विषयातलं ज्ञान कमी, त्या विषयावरची मतं कारणं दिल्यावर हलतात. जाणकारांची हलत नाहीत. १९९६ मध्ये जोसेफ मेल्चर आणि स्कूलर यांनी अशीच तपासणी वाइनवर केली, फक्त आवडीऐवजी ओळखीची. लोकांनी एक लाल वाइन चाखली, काहींनी तिचं वर्णन लिहिलं, काहींनी दुसरंच काम केलं, आणि मग चार वाइन्समधून पहिली ओळखायची होती. वर्णनाने सर्वांत जास्त घोळ घातला तो मधल्या लोकांच्या बाबतीत: जे नेहमी वाइन पीत, म्हणजे ज्यांची ओळख पक्की होती, पण ज्यांनी वर्णनाचं शिक्षण घेतलेलं नव्हतं. शिकलेल्यांचं बिघडलं नाही, कारण त्यांचे शब्द चवीच्या बरोबरीने चालत होते. जे वाइन पीतच नसत त्यांचंही बिघडलं नाही, बिघडण्याइतकी ओळखच नव्हती.

म्हणून जॅमचा प्रयोग पुन्हा कोणी करणार असेल तर मी तीन गट सुचवीन. पहिले दोन मूळ प्रयोगासारखेच. तिसऱ्या गटाला आधी थोडं प्रशिक्षण द्यायचं: ताज्या आणि शिजलेल्या स्ट्रॉबेरीचा वास वेगळा करणं, साखर आणि सायट्रिक आम्लाच्या ठरावीक द्रावणांवर गोडी आणि आंबटपणा जुळवणं, घट्टपणाचे तीन-चार संदर्भ-नमुने. मग त्यांनाही कारणं लिहायला लावायची आणि आवड विचारायची. माझं म्हणणं खरं असेल तर या गटाचा आकडा ०.११ कडे घसरणार नाही, ०.५५ च्या आसपास राहील. घसरलाच, तर कारण शोधणंच घातक आहे, भाषा असो वा नसो, हे मला मान्य करावं लागेल. एक काळजी मात्र घ्यावी लागेल. प्रशिक्षणाने तिसऱ्या गटाची आवडच पॅनेलच्या बाजूला झुकली असेल तर आकडा चांगला येऊनही काही सिद्ध होणार नाही. म्हणून या गटातल्या निम्म्या लोकांना प्रशिक्षण देऊनही कारणं विचारायची नाहीत, आणि प्रशिक्षणासाठी वापरलेला एकही जॅम चाचणीतल्या पाचांपैकी असू द्यायचा नाही.